जर्मनीत पोचल्यावर कोणाकडे जायचं: कारितास आणि डायकोनीच्या मोफत सल्लासेवेबद्दल

‘तिकडे पोचल्यावर मदत’ या नावाखाली एजंट वेगळे पैसे मागत असेल, तर देण्याआधी हे वाचा. ही मदत जर्मनीत फुकट मिळते, आणि देणाऱ्यांचा या कामात सत्तर वर्षांपासून हात बसलेला आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हा पुसद, रिसोड, देवरीकडच्या नर्सिंग आणि आयटीआयच्या पोरांनी तरी ही सेवा माहीत करून घ्यायलाच हवी.

कारितास ही कॅथलिक चर्चची सेवासंस्था, डायकोनी प्रोटेस्टंट चर्चची. १९५५ साली जर्मनीने इटलीशी कामगार आणण्याचा करार केला, १९६० साली स्पेन आणि ग्रीसशी. तेव्हा कामाची वाटणीच झाली: इटालियन आणि स्पॅनिश लोक कारितासकडे, ग्रीक डायकोनीकडे. भाषा न येणाऱ्या माणसाला खोली, कारखाना, पोरांची शाळा यांतून वाट काढून द्यायची, हे काम. आजही पोलंड, रुमेनिया, बल्गेरियाहून आलेली माणसं तिथे येतात. त्याच बाकावर यवतमाळच्या पोरालाही बसता येतं.

सेवेचं आजचं नाव एमबीई, म्हणजे बाहेरून आलेल्या प्रौढांसाठीची सल्लासेवा. २००५ पासून ती जर्मनीच्या केंद्र सरकारच्या पैशावर चालते. रेड क्रॉससारख्या बिगर-चर्च संस्थाही ती चालवतात. फी नाही, बोललेलं बाहेर जात नाही. गावात पहिला प्रश्न येतो तो धर्माचा. चर्चवाले आहेत म्हणून धर्म बदलायला सांगतील ही भीती बाळगू नका. सल्ला कोणत्याही धर्माच्या माणसाला मिळतो.

धर्माचा रकाना येतो तो नगरपालिकेत, पत्त्याच्या नोंदणीच्या वेळी. तो समजून भरा. नोंदवलेला कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असेल, तर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे निघण्याआधीच लक्षात घ्यावं. हिंदू, बौद्ध, मुस्लिम मुलांना हा कर नाही.

या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत ती करायची. पासपोर्टसोबत घरमालकाने सही केलेला ‘हा माणूस माझ्या घरात राहायला आला’ असा दाखला लागतो. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. दाखला द्यायला मालक टाळाटाळ करत असेल, तर तेव्हाच एमबीईच्या सल्लागाराला गाठा. पुढची साखळी अशी की टॅक्स नंबर याच पत्त्यावर पोस्टाने येतो, आणि तो वेळेत नोकरी देणाऱ्याच्या ऑफिसात पोचला नाही तर पगारातून चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. म्हणून पत्रपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा. चार नर्सेस एका फ्लॅटमध्ये आणि पेटीवर एकीचंच नाव, असं असलं की बाकी तिघींची पत्रं परत जातात.

पत्रं वाचून समजावणं, हीच या सेवेची खरी ताकद. जर्मनीत सरकारी काम अजून कागदावर चालतं. पत्रात एक मुदत असते. निर्णयाविरुद्ध हरकत घ्यायला साधारण १ महिना मिळतो. पिवळ्या लिफाफ्यात पत्र आलं तर लिफाफा फेकू नका: पोस्टमनने त्यावर तारीख घातलेली असते आणि मुदत तिथून मोजतात. सल्लागार पत्र वाचतो, काय मागितलंय ते सांगतो, उत्तर लिहायला मदत करतो. सेतू केंद्रासारखंच समजा, फक्त प्रत्येक कागदामागे पैसे मोजावे लागत नाहीत. जाताना पासपोर्ट, निवास परवाना, नोकरीचा करार, भाडेकरार आणि ते पत्र लिफाफ्यासकट न्या. एका भेटीला एकच विषय धरलात तर काम पुढे सरकतं.

नर्सिंगच्या पदवीला मान्यता मिळवणं हा दुसरा मोठा विषय. स्टुटगार्टचं रेगिरुंग्सप्रेसिडियुम हे सरकारी कार्यालय कागद तपासतं आणि कमी काय आहे ते लेखी कळवतं. मग ती कमी भरून काढणारा जुळवणीचा कोर्स करायचा की ज्ञानपरीक्षा द्यायची, हे ठरवावं लागतं. हे घाईत, कोणी सांगितलं म्हणून ठरवू नका; आपलं कमी काय दाखवलंय ते पत्र सल्लागारापुढे ठेवून ठरवा.

आता मर्यादा. ते नोकरी लावत नाहीत, घर शोधून देत नाहीत, रोख रक्कम देत नाहीत, कोर्टात उभे राहत नाहीत. मोठ्या शहरात वेळ मिळायला आठवडे जाऊ शकतात, म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशी धावून उपयोग नाही. मराठी बोलणारा भेटेल ही आशा धरू नका. इंग्रजी बरेचदा चालतं. घाई असेल तर एमबीऑन हे मोफत ॲप आहे, त्यात सल्लागाराशी लेखी बोलता येतं. नोकरीच्या करारात ‘मध्येच सोडली तर इतके पैसे परत’ असं कलम असेल, तर फेअर इंटिग्रेशन या मोफत सल्लाकेंद्राकडे जा, कामगार कायदा त्यांचा विषय आहे. आणि घरभाड्याचं डिपॉझिट: कायद्याने मूळ भाड्याच्या ३ महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तेही ३ हप्त्यांत देता येतं.

एमबीई २७ वर्षांवरच्यांसाठी आहे. जीएनएम करून लगेच निघालेली बावीस-तेवीसची मुलगी तिथे गेली तर तिला जेएमडी या तरुणांच्या सेवेकडे पाठवतील. चर्चच्या संस्था तीही चालवतात आणि तीही मोफतच आहे.

निघण्याआधीचं एक काम मात्र गावातच होतं. टीसी, आधार, पासपोर्ट, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, सगळीकडे नावाचं आणि वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, ते बघा. लग्न झालं असेल तर ग्रामपंचायतीतून विवाहनोंदणीचा दाखलाही त्याच स्पेलिंगचा घ्या. एका अक्षराचा फरक तिकडच्या कचेरीत दोन माणसं ठरवतो, आणि तो दुरुस्त करायचा तर पुन्हा ग्रामपंचायत आणि तहसीलच गाठावी लागते.