बडोद्याच्या दांडिया बाजारातलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, मी हातानेच केली. होम, म्हणजे आपल्या फाइलींचं पार्टिशन, जुनंच ठेवलं, त्यात आईचे फोटो आहेत. सगळं कॉपी झालं आणि अगदी शेवटी ग्रब, म्हणजे मशीन चालू करताना लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, बसेना. तीनदा तेच.

दुकानातल्या काकांनी डिस्क पुसायची घाई केली नाही, हे मला फार आवडलं. मशीन जुन्या बायोस पद्धतीने सुरू होत होतं, डिस्कवरची पार्टिशनची नोंद मात्र जीपीटी या नव्या पद्धतीची. तेव्हा ग्रबला १ एमबीचं, फॉरमॅट न केलेलं 'बायोस बूट' पार्टिशन लागतं. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जरा कापून त्यांनी ते केलं. फोटो जसेच्या तसे! बायोसऐवजी नवी यूईएफआय पद्धत असेल तर फॅट३२ फॉरमॅटमधलं ईएफआय पार्टिशन हवं, हेही वहीत लिहून दिलं.

२०० रुपये घेतले. दुपारी बंद असतं, सकाळीच जा.