.३१५ रायफलचा रबरी रिकॉइल पॅड: खांदा वाचला

बारा बोरच्या छर्‍याच्या बंदुकीवरून .३१५ च्या रायफलवर आले, तर लोखंडी तळाचा दस्ता खांद्यात असा रुतायचा की घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायचे. म्हणून नागपुरातून दस्त्यावर चढवायचा रबरी रिकॉइल (गोळीचा मागचा धक्का) पॅड आणला. धक्का कमी होत नाही, पण रबर दबून तो जरा पसरतो, टोचत नाही. रेंजवर आता नेम शांतपणे धरता येतो.

दोष एकच, दस्ता बोटभर लांब होतो. माझे हात आखूड, त्यामुळं जाड स्वेटर घातला की बंदूक खांद्याला नीट बसत नाही. घेताना दुकानात लावून बघाच.

नुसत्या पॅडनं भीती जात नाही. कानात बोळे आणि वरून मफ (कान झाकणारी टोपणं) घाला, अर्धी दचक आवाजाचीच असते. दस्ता खांद्यात घट्ट ओढा. सोबत्याला मधेच, तुम्हाला न सांगता, खोटं (न उडणारं) काडतूस भरायला लावा. ते न उडताही घोडा दाबताना नळी खाली झुकली, की दचक अजून आहे समजा. सुरुवातीला झोपून गोळी झाडू नका, उभ्यानं अंग धक्क्यासोबत मागं जातं.

तूर-हरभऱ्यात रानडुकरं शिरतात हे खरं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडायची नाही. पॅड मात्र जरूर घ्या.