लिफ्ट किटच्या नावाखाली चकत्या मारल्या, ॲक्सल गेले ते वेगळेच

गाडी उंच करायला लिफ्ट किट, म्हणजे उंची वाढवणाऱ्या भागांचा संच, बसवायला गॅरेजला दिली होती. बिलावर चार ओळी होत्या: लांब शॉक दोन, नव्या स्प्रिंगा दोन, चाक धरणारे वरचे आर्म दोन आणि डिफरन्शिअल (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खाली घेण्याचे ठोकळे एक संच. गाडीत निघालं काय? ४५ मिमी जाडीच्या दोन ॲल्युमिनियमच्या चकत्या, आणि कंपनीच्याच जुन्या शॉकवर काळा स्प्रे. चारही ओळींचे पैसे मात्र घेतले.

चकती स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीच्या) डोक्यावर, मडगार्डच्या आत बसते. गाडी जमिनीवर उभी असताना वाकून, बॅटरी मारूनही ती धड दिसत नाही. त्यामुळे ‘बघून घ्यायचं ना’ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या गाडीखाली डोकावून दाखवावं.

ठरलं होतं ५० मिमी उचलायचं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावल्यावर वाढ निघाली ८२ मिमी. यात जादू काही नाही. वर-खाली दोन आर्म असलेल्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये (प्रत्येक चाक वेगळं हलतं तिथे) स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो. स्ट्रट १ मिमी हलला की चाक त्याच्या पावणेदोन-दोन पट हलतं. म्हणजे ५० मिमी हवे असतील तर वरची चकती २५ ते २८ मिमीचीच लागते. अशा गाडीला ‘चकती जेवढी जाड तेवढी गाडी वर’ असं जो सांगेल त्याला एक तर काम येत नाही, नाही तर तो तुम्हाला बनवतोय.

आणि खरा घात उभ्या गाडीच्या उंचीत नाही, लटकत्या चाकात आहे. वरच्या चकतीमुळे स्ट्रट अख्खाच खाली सरकतो, म्हणून चाक पूर्ण लटकल्यावरही कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्या तेवढंच खाली जातं. चाक फिरवणारा दांडा म्हणजे ॲक्सल, आणि त्याच्या दोन टोकांचे वाकणारे सांधे म्हणजे सीव्ही जॉइंट. या दोन जॉइंटमधलं अंतर ४५० मिमी धरलं तर ८२ मिमीने ॲक्सलचा कोन सुमारे १० अंशांनी वाढतो. बाहेरचा, चाकाकडचा सहा गोळ्यांचा जॉइंट ४५ अंशांच्या आसपासही काम करतो, त्याला स्टिअरिंग सांभाळायचं असतं. आतला, डिफरन्शिअलकडचा तीन रोलरचा ट्रायपॉड जॉइंट मात्र साधारण २३ ते २६ अंशांवर संपतो. शिवाय कोन वाढला की ॲक्सलला लांबी कमी पडते आणि रोलर कपाच्या तोंडाशी येतात.

हे सगळं डिलिव्हरीच्या दिवशी डोळ्यांसमोर होतं, याचाच संताप येतो. गाडी लिफ्टवर होती, चाकं लटकत होती. आतल्या जॉइंटवरच्या रबरी बूटच्या (आवरणाच्या) घड्या एका बाजूला एकमेकींवर घासत होत्या, दुसऱ्या बाजूला ताणून सपाट झाल्या होत्या. वरचा आर्म स्प्रिंगला टेकलेला. चाक हाताने फिरवलं तर प्रत्येक फेरीत एकाच जागी अडकत होतं. विचारलं तर उत्तर काय, ‘नवीन आहे, सेट होईल.’ ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? पण लक्षात ठेवा, यातलं काहीही ‘सेट’ होत नाही. तिथेच चावी परत द्या आणि पैसे थांबवा.

पुढचा क्रम ठरलेला आहे. घासून घासून बूट फाटतो, ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळी पट्टी उमटते, आत धूळ शिरते. बाहेरचा जॉइंट पूर्ण वळणावर कटकट करतो. आतला गेला की ॲक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरते आणि पाय उचलला की थांबते. तुटायचं असेल तेव्हा एक चाक हवेत, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, लो रेंज (कमी वेग, जास्त ताकदीचा गिअर) आणि जोराचा रिव्हर्स, एवढं पुरतं.

‘फोर बाय फोर वापरतच नाही, मग ॲक्सलला काय होणार?’ हाही गॅरेजवाल्यांचा ठेवणीतला डायलॉग. फ्री व्हील हब (चाक ॲक्सलपासून सोडवणारा भाग) नसेल तर टू व्हीलमध्येही चाकं ते ॲक्सल फिरवतातच. नमुना म्हणून दाखवलेली गाडी सॉलिड ॲक्सलची (दोन्ही चाकं एकाच अखंड घरावर बसवलेली) होती, ती तर निव्वळ धूळफेक. तिथे शाफ्ट घराच्या आत सरळ असतात, चकतीने त्यांचा कोन बदलत नाही. तिथली दुखणी वेगळी. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो, पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला मधोमध धरणारा आडवा दांडा) ॲक्सलला बाजूला ओढतो, ॲक्सलपर्यंत ताकद आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो.

स्प्रिंगवर दाब देणारी आतली चकती हा आणखी निराळा प्रकार. तिने लटकण्याची हद्द बदलत नाही, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही, आणि खड्ड्यात शॉक ‘टक’ करून वर ठोकतो. दोन्ही चकत्या एकावर एक लावणारे महाभागही आहेत. सरळ नकार द्या.

दाद मागायला गेलं की खरी करमणूक सुरू होते. गाडीच्या अधिकृत वर्कशॉपने सस्पेन्शनकडे एक नजर टाकून ॲक्सलची वॉरंटी नाकारली. विमावाला म्हणतो, ही झीज आहे, अपघात नाही. पोलिसांना ‘हा दिवाणी मामला’ वाटतो. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तज्ज्ञाचा अहवाल मागतात, आणि अहवाल द्यायला कुठलंच गॅरेज तयार नाही, कारण धंद्यात वाकडं कोण घेणार? फॉर्म पुन्हा भरा, बिलाची प्रत पुन्हा जोडा, साहेब जागेवर नाहीत. एकाने तर विचारलं, ‘गाडी चालतेय ना?’ चालतेय! ग्रीस गाळत चालतेय.

कामाआधी चारही चाकांची मध्य ते मडगार्ड उंची लिहून त्यावर गॅरेजची सही घ्या. बिलावर चकतीची जाडी मिमीमध्ये आणि शॉकचा पार्ट नंबर हवाच. ‘लिफ्ट किट १’ असं बिल म्हणजे कोरा कागद. डिफरन्शिअलचे ठोकळे खरंच बसले असतील तर बोल्ट मूळच्यापेक्षा लांब दिसतील. आणि ते बसले तरी फक्त ॲक्सलचा कोन थोडा उतरतो, वरच्या आर्मच्या बॉल जॉइंटला (आर्मच्या टोकाच्या गोळीच्या सांध्याला) त्याचा काडीचा उपयोग नाही. अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची छापील पट्टी मागा, त्यात कॅस्टर बघा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर पूर्ण लटकत्या चाकावर, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा. उतरवलेले जुने भाग तिथे सोडू नका. ‘जुने शॉक भंगारात दिले’ असं उत्तर आलं तर समजा, ते अजून तुमच्याच गाडीत आहेत.