थेंबांचं ऑक्सिजन किट: वैनगंगेच्या हिरव्या पाण्यासाठी

भंडारा-पवनीकडे वैनगंगेचं पाणी हिरवं झालं की मच्छीमार संस्थांनी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थेंब मोजून सांगणारं हे किट हाताशी ठेवावंच. बाटली पाण्याखालीच भरून तिथंच बूच लावा. आत बुडबुडा राहिला की आकडा फुगतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकल्यावर तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. साका आम्लात विरघळवा (हातमोजे घालूनच), पिवळा रंग फिका होईस्तोवर थायोसल्फेट थेंबाथेंबानं टाका, मग स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत पुन्हा थायोसल्फेट टाकून त्याचे एकूण थेंब मोजा.

खरी गोम वेळेची. ३० अंशाला पाण्यात लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो; दुपारी शेवाळामुळे तो याहून वर जातो. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. म्हणून सूर्योदयाआधीच मोजा. दुपारचा आकडा फसवा.

उणीव दोन. एक थेंब म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, त्यामुळे जिथं मासे गुदमरू लागतात त्या २-३ च्या टप्प्यात नेमकेपणा नाही. दुसरं, थायोसल्फेट उन्हात ठेवलं तर कमजोर होतं. थेंब जास्त लागतात आणि वाईट पाणीही चांगलं दिसतं. विदर्भातल्या मे महिन्यात ही बाटली माठाशेजारी, अंधारातच ठेवा.