मिसिसिपी जॉन हर्टची 'खाजगी स्पूल' : माझे 56,100 गेले, तुमचे वाचवा

मिसिसिपी जॉन हर्ट या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादकाच्या कार्यक्रमाची, कुणा श्रोत्यानं केलेली म्हणून मला एक स्पूल (टेपचं रीळ) विकली गेली आणि मी फसलो. स्पूलचे 38,500. टेप 'भाजण्याचे' 11,400. 'कस्टम'चे 6,200. एकूण 56,100 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण "नक्की किती गेले रे?" हा प्रश्न आता ऐकवत नाही. बायकोला अजून पहिलाच आकडा माहीत आहे.

"इतका कसा भुललास?" म्हणणाऱ्यांसाठी. हर्टनं 1928 मध्ये 'ओके' या रेकॉर्ड कंपनीसाठी मोजकी गाणी रेकॉर्ड केली आणि मग तो गावी शेतात राबत राहिला. एका गाण्यात त्यानं गावाचं नाव घेतलं होतं. तेवढ्या धाग्यावरून टॉम हॉस्किन्स हा ब्लूजवेडा 1963 मध्ये मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉनला पोचला, म्हातारा सापडला, वॉशिंग्टनला आला, कॉफीहाउसांतून गाऊ लागला. नोव्हेंबर 1966 मध्ये गेला. म्हणजे मूठभर लोकांसमोर एकटा गिटार घेऊन बसलेला हर्ट जगाला मिळाला जेमतेम तीन वर्षं. त्या काळी श्रोते टेपरेकॉर्डर घेऊन जात, ही दंतकथा नाही. 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या गर्डीज फोक सिटी क्लबात रेव्हरंड गॅरी डेव्हिस या गिटारवादकाला त्याच्या शिष्यानं, स्टीफन ग्रॉसमननं, असंच टेप केलं आणि ते पुढे रीतसर प्रसिद्ध झालं. आपल्याकडेही घरगुती बैठकीत कोपऱ्यात स्पूल फिरत ठेवणारे दर्दी होतेच की. त्या स्पूलांवरचा पानाच्या डब्याचा खडखडाटसुद्धा ज्यांना प्रिय आहे, त्यांनी मला हसू नये.

तर, विकणाऱ्यानं लिहिलं : "1964, वॉशिंग्टन, माझ्या काकानं पहिल्या रांगेत बसून घेतलेलं, कुठेही बाहेर न आलेलं." सोबत दोन मिनिटांचा नमुना. कपबशा, कुणाचं तरी खोकणं, आणि खाली हर्टचा तो अंगठ्यानं वाजवलेला बेस. मी काही आंधळेपणानं पैसे फेकले नाहीत. नमुना संगणकावर तपासला. विजेची गुणगुण 50 सायकलवर दिसली. अमेरिकेत वीज 60 ची. विचारलं, तर विकणारे साहेब म्हणाले, "ट्रान्सफर लंडनमध्ये केलंय." इंग्लंडमध्ये 50 च आहे. उत्तर चोख होतं! मग मूळ टेपवरची 60 ची गुणगुण कुठे गेली, हा पुढचा प्रश्न मात्र पैसे गेल्यावर सुचला.

38,500 'मुंबईच्या एजंट'च्या यूपीआयवर गेले. आणि मग तो निरोप आला, ज्याचा आजही संताप येतो : "टेप चिकट झाली आहे, मंद आचेवर भाजून घ्यावी लागेल, 11,400."

भाजून! 1964 ची टेप! चिकटपणाचा रोग, ज्यावर भाजण्याचा उपाय खरंच करतात, तो सत्तरच्या दशकापासून निघालेल्या, पाठीवर काळा लेप असलेल्या टेपांचा. साठच्या दशकातली घरगुती टेप बऱ्याचदा जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, म्हणजे अ‍ॅसिटेटची असते, ती खराब झाली की व्हिनेगरसारखा आंबूस वास मारते आणि तिला भाजलं तर हातची जाते. हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना मी हेच शिकवत आलो आहे. पण 38,500 अडकलेले, रात्रीचे साडेअकरा, आणि तो लिहितो, "जपानचं गिऱ्हाईक सकाळी पैसे भरतंय." तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी पिन टाकला. कस्टमचे 6,200 तर त्यानंतर भरले. खरी ड्यूटी तुमच्या नावाच्या बिलावर भरायची असते, विकणाऱ्याच्या एजंटाला नाही, एवढं लिहून ठेवा.

पार्सल आलं, हा यातला सगळ्यात पाजी भाग. सात इंची स्पूल, टेपची पाठ काळी, आत निव्वळ खरखर. पण कुरियरच्या नोंदीत 'माल पोचला', म्हणजे बँकेपुढे तक्रार लंगडी. नमुन्याचं कोडं नंतर सुटलं : 1965 च्या ओबर्लिन कॉलेजमधल्या कार्यक्रमाची जी एलपी बाजारात आहे, तिचीच गती थोडी वाढवून वर खोकला आणि कपबशा पेरल्या होत्या. गती मूळची करून दोन्ही लहरी एकाखाली एक ठेवल्या, तंतोतंत बसल्या. ती एलपी माझ्या कपाटात आहे.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात म्हणाले, खातं परराज्यातलं, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्यातून लिहून आणा. ठाण्यातल्या साहेबांनी कागद वाचून विचारलं, "हा जॉन हर्ट, याचा मोबाइल नंबर आहे का?" तो 1966 मध्ये वारला म्हटल्यावर, "मग तक्रार कुणाविरुद्ध?" शेजारच्या हवालदाराला हसू आवरेना. पुढचा प्रश्न, "रिकामी टेप मिळाली ना? मग फसवणूक कसली?" आणि शेवटी बाण : "असं परस्पर केलेलं रेकॉर्डिंग विकत घेणं कायद्यात बसतं का?" म्हणजे चोर राहिला बाजूला, उलटतपासणी माझी. अर्जाच्या प्रती मागत राहिले, पोच कुणी देईना. पन्नास हजारांहून जास्त रक्कम गेलेल्या माणसाला बाकावर बसवून चहा पिणाऱ्यांना काय म्हणावं?

पैसे गेल्याचं कळताक्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, ठाण्याची पायरी नंतर. मी पार्सलची वाट बघत बसलो, तोवर खातं रिकामं झालेलं.

विकणाऱ्याकडून स्पूल दिव्यासमोर धरलेला फोटो मागा. अ‍ॅसिटेटच्या गुंडाळीतून उजेड झिरपतो, पॉलिएस्टरच्या नाही. टेपच्या पाठीचा फोटोही मागा. नमुना दोन मिनिटांचा नको, दोन गाण्यांमधल्या बोलण्यासकट सलग वीस मिनिटांचा मागा. अशी टेप खरोखर जवळ असलेले बहुतेक दर्दी ती आपसांत फुकट देतात घेतात. पैशाची भाषा आली की सावध व्हा.

परवा त्याच भाषेत स्किप जेम्स या दुसऱ्या ब्लूज गायकाची 'खाजगी स्पूल' एका मित्राला देऊ केली गेली, 41,000 ला. त्याच 'मुंबईच्या एजंट'ला कुणी पैसे दिले असतील तर लाज सोडून कळवा, माझ्या अर्जाला जोडता येईल.