जास्वंदीच्या विषाणूंचा जीनोम वाचायला फ्लॉन्गल पुरतो का?

पुरतो, पण डीएनए स्वच्छ असेल तरच. फ्लॉन्गल म्हणजे मिनआयन या डीएनए वाचणाऱ्या यंत्राचा छोटा फ्लो सेल; फ्लो सेलमधल्या सूक्ष्म छिद्रांतून जाताना डीएनए वाचला जातो. जास्वंदीची पानं वळवणारे, शिरा पिवळ्या करणारे बेगोमोव्हायरस पांढऱ्या माशीतून पसरतात आणि रोगट झाडाच्या फांद्या लावल्या की नर्सरीतून घरोघर जातात. त्यांचा गोलाकार डीएनए जेमतेम 2.7 किलोबेसचा. त्यासाठी मिनआयनचा 512 चॅनेलांचा (वाचनमार्गांचा) फ्लो सेल खर्ची घालणं उधळपट्टी आहे. अडॅप्टर लावून त्याच यंत्रात बसणारा 126 चॅनेलांचा फ्लॉन्गल बारकोड (नमुना ओळखायची डीएनए-खूण) लावलेले डझनभर नमुने सहज वाचतो.

खरा फायदा लांब रीडचा, म्हणजे एका दमात वाचलेल्या लांब तुकड्याचा. एकाच झाडात दोन बेगोमोव्हायरस असले तर 150 बेसचे रीड जोडताना प्रत्यक्षात नसलेला संकरही तयार होऊ शकतो. इथे आधी आरसीए (गोल डीएनएच्या सलग प्रती काढणारी पद्धत) केल्याने एकाच रीडमध्ये अख्खा जीनोम, कधी ओळीने दोन-तीन प्रती मिळतात. टीएएटीएटीटीएसी हा या विषाणूंत कायम आढळणारा क्रम शोधून तिथे त्या तोडाव्यात.

काम बिघडतं ते बहुधा यंत्राच्या आधी. पानातला बुळबुळीत चीक डीएनएसोबत उतरतो, आरसीए करणाऱ्या फाय29 एन्झाइमला अडवतो, छिद्रं बुजवतो. कोवळं पान 100 मिलिग्रॅम घ्यावं. ते वाटून सॉर्बिटॉल बफरने धुवावं, वरचा द्रव तार धरेनासा होईपर्यंत. मग 2 टक्के पीव्हीपी (पानातली फिनॉलं बांधणारा पदार्थ) घातलेलं सीटॅब (डीएनए वेगळा करणारा द्राव) 65 अंशांवर, आणि क्लोरोफॉर्म दोनदा. 260/230 गुणोत्तर (डीएनएच्या शुद्धतेचं माप) 1.8 च्या खाली असेल तर पुढे जाऊच नये. आरसीए 30 अंशांवर 18 तास. त्यातून निघालेल्या डीएनएला फांद्या फुटलेल्या असतात; टी7 एंडोन्यूक्लिएजने 37 अंशांवर 15 मिनिटं त्या छाटाव्यात. ही पायरी गाळली की छिद्रं झपाट्याने बंद पडतात.

फ्लॉन्गल हातात येताच तपासावा; 50 पेक्षा कमी छिद्रं चालू असतील तर तो वॉरंटीत बदलून मिळतो. भरताना बुडबुडा जाऊ देऊ नये. गोव्याच्या पावसात पेडण्याहून किंवा काणकोणाहून ओली पानं पिशवीत कोंडून आणली तर ती काळी पडतात. पुसून सिलिका जेलमध्ये ठेवावीत. रन 24 तासांचा, म्हणून लॅपटॉपला यूपीएस हवाच.

एकाच अक्षराच्या लांब रांगेत अजूनही चूक होते आणि जनुकात खोटा स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच संपल्याची खूण) दिसतो. प्रजातीची सीमा जीनोमच्या 91 टक्के साम्याची. निकाल तिच्या आसपास आला तर सँगर या जुन्या, अचूक वाचनपद्धतीने पडताळावं.

आरसीए मुख्यतः गोलाकार डीएनए वाढवतं. जास्वंदीचा क्लोरोटिक रिंगस्पॉट विषाणू आरएनएचा, तो यात दिसणारच नाही. तेव्हा मातृझाड निरोगी ठरवायचं असेल तर आरटी-पीसीआर (आरएनए शोधणारी चाचणी) वेगळी करावी.