उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे कुंड: सवड काढूनच जावे

दापोली तालुक्यातील उन्हवरे येथे घरी आलेल्या पाहुण्यांना आवर्जून न्यावे, असे माझे मत आहे. मात्र पाच मिनिटे पाय बुडवून परत फिरायचे असेल, तर एवढ्या वळणावळणांच्या रस्त्याने जाण्यात अर्थ नाही.

पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, रांगच आहे, आणि त्यांतील सर्वाधिक उष्ण झऱ्यांमध्ये उन्हवऱ्याची गणना होते. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि भेगांवाटेच पुन्हा वर येते. उगमापाशी त्याचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअस असते, त्यामुळे तिथे मुलांचा हात घट्ट धरावा. स्नानासाठी स्त्रियांची आणि पुरुषांची कुंडे वेगळी व आडोशाची असल्याने माझ्या सासूबाई निःसंकोचपणे पाण्यात उतरल्या, ही माझ्या दृष्टीने या ठिकाणाची सर्वांत मोठी जमेची बाजू.

कुंडातही एकदम उतरू नये. आधी तांब्याने पावलांवर, मग पोटऱ्यांवर पाणी घ्यावे आणि चटका सोसवू लागला की पायरी पायरीने खाली जावे. गंधकाचा वास सुरुवातीला नाकाला झोंबतो, पण थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. सासूबाईंची चांदीची जोडवी मात्र बाहेर येईतो काळवंडली होती, तेव्हा चांदीचे दागिने घरीच ठेवावेत. या पाण्याने त्वचेचे विकार जातात अशी अनेकांची श्रद्धा आहे. गुडघ्यांना शेक मिळून आराम पडतो हे मी स्वतः पाहिले, परंतु म्हणून चालू औषधे बंद करू नयेत, आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुंडात उतरू नये.

मन खट्टू झाले ते काही पर्यटकांच्या वागण्याने. त्याच पाण्यात पुढचा माणूस उतरणार असतो, तरी साबणाचा फेस करून शाम्पूच्या रिकाम्या पुड्या काठावर टाकणारे लोक भेटतात, आणि ते पाहवत नाही.

जायचे तर थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर जावे आणि सुती कपड्यांचा कोरडा जोड व पिण्याचे पाणी सोबत न्यावे. याच तालुक्यातील पन्हाळेकाजीची २९ लेणी त्याच दिवशी पाहायची असतील, तर लेणी आधी आणि स्नान नंतर असा क्रम ठेवावा, कारण कुंडातून बाहेर आल्यावर अंग इतके सैलावते की चढउतार करावीशी वाटत नाही.